साडेएक पोळी

गेल्या हिवाळ्यात एका रात्री जेवताना माझी भाची म्हणाली, "आई, मला साडेएकच पोळी वाढ." सगळे हसले. वहिनी म्हणाली, "साडेएक नाही गं, दीड." भाची हसली नाही. तिने विचारलं, "साडेतीन असतं, साडेचार असतं. मग साडेएक का नसतं?"

"साडेदोनही नसतं," बाबा म्हणाले. "अडीच असतं."

"का?"

"अडीचच असतं म्हणून."

बाबांचं हे उत्तर मला लहानपणापासून पाठ आहे. विषय तिथेच संपला, वरण आलं, पण माझ्या डोक्यातून साडेएक जाईना. कारण पोरगी चुकली नव्हतीच. साडेतीन, साडेचार, साडेपाच अशी रांग तिने पाहिली, रांगेचा नियम ओळखला आणि तो मागे ओढत एकापर्यंत आणला. गणितात यालाच आकृतिबंध ओळखणं म्हणतात. आपण तिला हसलो.

आम्ही ग्वाल्हेर शहरातल्या लष्कर या भागातले. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि भाचीच्या शाळेत इंग्रजी. त्यामुळे चौथीतल्या तिच्या डोक्यात दीड, डेढ आणि वन अँड अ हाफ एकाच वेळी नांदतात. ३/४ ला ती "थ्री बाय फोर" म्हणते. एकदा विचारलं, म्हणजे किती गं? तर म्हणाली, "खोली असते तसं? तीन फूट बाय चार फूट?" तिच्या बाजूने पाहिलं तर हेही बरोबरच आहे. 'बाय' हा शब्द तिने घरात फरशी बसवणाऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. शाळेत त्याचा अर्थ वेगळा आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. गणिताशी माझा संबंध दहावीला सुटला, आणि सुटला तेव्हा मी देवळात नारळ फोडला होता. तरीही त्या आठवड्यात ठरवलं की भाचीसाठी अपूर्णांकांचं एक चित्रपुस्तक हाताने करायचं, एकच प्रत. ते करताना माझाच बराच अभ्यास झाला. तिसरी ते सहावीतलं मूल ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी तो इथे मांडते आहे.

सुरुवात मी दीड आणि अडीचपासूनच केली, कारण तिथेच खरी गंमत आहे. हे शब्द कुठून आले ते पाहायला गेले तर प्रत्येक शब्दाच्या पोटात एक चित्र सापडलं. सव्वा म्हणजे 'सपाद', पाव सोबत असलेला. साडे म्हणजे 'सार्ध', अर्ध्यासह. पाऊण म्हणजे 'पादोन', पाव उणे. इथवर सरळ आहे. पण दीड हा 'द्व्यर्ध'पासून आला: दुसरा अर्धाच आहे. अडीच 'अर्धतृतीय'पासून: तिसरा अर्धाच आहे. तीन पोळ्या मांडा, तिसरीचा अर्धा भाग काढून घ्या, समोर दिसेल ते अडीच. साडेतीनला जुन्या मराठीत 'औट' म्हणत, तोही 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धाच असलेला.

म्हणजे एकाच ३ १/२ ला आपल्याकडे दोन नावं आहेत आणि त्या नावांची चित्रं वेगळी आहेत. साडेतीनच्या चित्रात तीन पोळ्यांवर अर्धी ठेवलेली, औटच्या चित्रात चार पोळ्यांतली अर्धी खाल्लेली. ३ + १/२ आणि ४ − १/२ हे एकच, ही गोष्ट शाळा सहावीत सांगते. आपल्या भाषेने ती नाव ठेवतानाच सांगून टाकली होती, आपणच कान दिला नाही. माझ्या पुस्तकाची पहिली दोन समोरासमोरची पानं हीच झाली: डावीकडे साडेतीन, उजवीकडे औट. पोळ्या त्याच, ताटं वेगळी.

बाबांनी ते पान पाहिलं आणि खुर्चीतल्या खुर्चीत औटकी म्हणायला लागले. त्यांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकले होते. तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते आणि पावकीवाचून बाजारात पाऊल टाकता येत नसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाढे हळूहळू गेले. चार आण्यांचं नाणं मात्र पंचवीस पैशांच्या रूपात टिकलं होतं, तेही ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालं. त्यामुळे आजच्या मुलाच्या हातात 'पाव' ही वस्तू म्हणून उरलेलीच नाही. पावभाजीतला पाव आहे, पण तो अख्खा असतो.

पुस्तक कसं बांधायचं या विचारात होते तेव्हा छापखान्यातला 'फर्मा' आठवला. एक मोठा कागद घ्यायचा. एकदा दुमडला की दोन भाग, पुन्हा दुमडला की चार, तिसऱ्यांदा दुमडला की आठ. कडा कापल्या, मधोमध टाका घातला की सोळा पृष्ठांची चोपडी तयार. जुन्या मराठी पुस्तकांच्या जाहिरातीत 'आकार डेमी १/८' असं छापलेलं असायचं, ते हेच: डेमी या मापाच्या कागदाचा आठवा भाग. पुस्तक स्वतःच अपूर्णांक आहे हे मला वीस वर्षं या धंद्यात राहून कळलं नव्हतं.

कागद मी भाचीकडूनच दुमडून घेतला. प्रत्येक घडीला तिने त्यावर पेन्सिलीने लिहिलं: १/२, १/४, १/८. मग तीच म्हणाली, "आत्या, खालचा आकडा मोठा होतोय आणि कागद छोटा होतोय." मुलांची सगळ्यात मोठी अडचण इथे असते. आठ हा चारापेक्षा मोठा, हे त्यांनी चार वर्षं घोकलेलं असतं, तेव्हा १/८ सुद्धा १/४ पेक्षा मोठाच असणार. तोंडाने शंभरदा सांगून हे जात नाही. हातातला कागद लहान होताना बघितला की जातं. नंतर आम्ही दोघींनी त्याला आमच्या भाषेत आणलं: एका पोळीत जेवणारे वाढले की वाटा घटतो.

लगेच पुढचा प्रश्न आला. "पुस्तकाची तर सोळा पानं आहेत. मग हे १/१६ का नाही?" मी अडकले. दोष मराठीचा होता, किंवा माझा. 'पान' आपण दोन अर्थांनी वापरतो. कागदाची पानं आठ, त्यांना पाठपोट मिळून पृष्ठं सोळा. कागद कापला गेला तो आठ भागांत. म्हणजे अपूर्णांक लिहिण्याआधी भाग कशाचे हे ठरवावं लागतं. हा धडा मी शिकवणार होते, तिनेच शिकवला.

आता चित्रांकडे. पोळी हे अपूर्णांकांचं सगळ्यात लाडकं चित्र, आणि माझ्या मते निम्म्या घोटाळ्याचं मूळही. अर्धी आणि पाव सोपी. पण गोल पोळीचे तीन सारखे भाग हाताने करून दाखवा पाहू. मी केले, ते असे झाले की एक वाटा सासूचा आणि दोन सुनांचे. मूल मोजतं: भाग तीन, रंगवला एक, म्हणून १/३. भाग सारखे आहेत का हे ते बघत नाही, कारण पुस्तकातली चित्रं कायम सारखीच असतात आणि ते बघायची वेळच येत नाही.

म्हणून मी मुद्दाम एक चुकीचं पान केलं. समोसा आडवा कापलेला, वरचं टोक छोटं, खालचा बुंधा मोठा, आणि खाली लिहिलं 'अर्धा अर्धा'. कचोरीची एक फाक मोठी आणि दोन बारीक, खाली '१/३'. तिसऱ्या चित्रात तिळाच्या वडीचे चार तुकडे, सगळ्यांचे आकार वेगळे, पण चौकटी मोजल्या तर चारही सारखे, खाली '१/४'. पानावर एकच ओळ: कुठे भांडण होईल? भाचीने समोशावर लाल फुली मारली, कचोरीवर दोन. वडीवर ती बराच वेळ थांबली, चौकटी मोजल्या, आणि बरोबरची खूण केली. आकार सारखा नसला तरी वाटा सारखा असू शकतो, हे त्या थांबण्यात झालं. संपूर्ण पुस्तकातलं माझं सगळ्यात आवडतं पान हेच. कोणी घरी करणार असाल तर बरोबर चित्रं कमी काढा, चुकीची नीट विचार करून काढा.

दुसरी ठेच 'अख्ख्या'ची. आजोबांची अर्धी भाकरी आणि नातीचा अर्धा फुलका, दोन्ही १/२ च. पण भाकरीचा अर्धा मोठा. अख्खं काय धरलं आहे ते चित्रात कायम दिसलं पाहिजे, म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मी अख्खी वस्तू छोटी काढून ठेवली.

वाचायचं कसं, यावर आम्ही एक युक्ती काढली. खालचा आकडा म्हणजे तुकड्याचं आडनाव, वरचा म्हणजे त्या घरातले किती जण आले. ३/४ म्हणजे 'चौथे' आडनावाचे तिघं. पुढे बेरजेला हे फार कामाला आलं. आपल्या जुन्या ग्रंथांत अंश वर आणि छेद खाली लिहीत, पण मधे रेघ नसे. ती आडवी रेघ पुढे अरबी गणितज्ञांनी आणली. मीही पहिल्या काही पानांवर रेघ काढली नाही. नुसते दोन आकडे, वर एक, खाली एक, शेजारी चित्र. रेघ दिसली की भाची लगेच भागाकाराचा पवित्रा घेते आणि चित्राकडे बघणं सोडते.

वस्तू आधी, मग चित्र, आणि चिन्ह सगळ्यात शेवटी, हा क्रम माझ्या मनचा नाही. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात तो मांडला, आणि सिंगापूरने १९८० च्या दशकात आपल्या शाळांचं गणित याच क्रमावर उभं केलं. आपल्याकडे बहुतेक वर्गांत गाडी चिन्हापासून सुटते आणि चित्राच्या स्टेशनावर थांबतच नाही.

चित्राचा एक गुण खऱ्या पोळीतही नाही. पोळी खाल्ली की संपते. चित्र जागेवर राहतं. मूल मागचं पान उलटून पुन्हा मोजू शकतं, काल केलेली चूक आज त्याच जागी बघू शकतं.

बेरजेसाठी पोळी सोडून मी संक्रांतीच्या वड्यांकडे वळले. वहिनी वड्या चौकोनी ट्रेमध्ये थापते, कारण गोल ताटात काठाच्या वड्या वाकड्या निघतात आणि पाहुण्यांपुढे ठेवता येत नाहीत. ट्रेमध्ये आडव्या तीन ओळी, प्रत्येकीत चार वड्या, एकूण बारा. आता १/३ आणि १/४ मिळवायचे आहेत. मुलं हटकून २/७ लिहितात: वरचे वर मिळवले, खालचे खाली. चित्रात बघा. ट्रेचा तिसरा हिस्सा म्हणजे एक आडवी ओळ, चार वड्या. चौथा हिस्सा म्हणजे एक उभी रांग, तीन वड्या. चार आणि तीन सात वड्या, बारांतल्या सात, ७/१२. 'तिसरे' आणि 'चौथे' ही आडनावं वेगळी, म्हणून त्यांची थेट बेरीज होईना. दोघांनाही 'बारावे' केलं, झाली. लसावि हा शब्द उच्चारला न जाता लसावि झाला.

"पण ओळ आणि रांग एकमेकांवर येतात तिथली वडी दोनदा मोजली ना?" वहिनी मागून म्हणाली. रास्त शंका. म्हणून चित्रात ओळ आणि रांग छेदू द्यायच्या नाहीत. चार वड्या आधी उचलून बशीत ठेवायच्या, मग तीन. माझ्या पहिल्या चित्रात ती चूक होतीच. पान फाडून नवं केलं.

पुस्तकाच्या मध्यावर मी वहिनीची शिवणाची टेप काढली, दोन्ही पानांवर आडवी. याचं कारण असं की पोळ्या आणि वड्यांतच राहिलं तर मुलांना अपूर्णांक म्हणजे 'तुकडा' वाटत राहतो, संख्या वाटत नाही. दोन आणि तीनच्या मधे काही असतं, आणि त्याला ठरलेली जागा असते, हे टेपवर दिसतं. इंचाच्या बाजूला प्रत्येक इंचाचे आठ भाग असतात. सुतार आणि गवंडी त्या एका भागाला सूत म्हणतात, आठ सुतांचा एक इंच. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. १/४ आणि २/८ एकच, ही गोष्ट सुताराला समजावून सांगावी लागत नाही.

टेपवर मी एक बेडूक बसवला. त्याची उडी पाऊण इंचाची. तो कुठे कुठे टेकेल ते भाचीने लिहायचं. बाबा शेजारी बसून पाऊणकी म्हणत होते, ती बेडकाचं बोट धरून चालली होती. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. मग पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. मग पावणेसात, साडेसात, सव्वाआठ, नऊ.

तिसऱ्या फेरीला ती थबकली. "आत्या, बघ. पावणे, साडे, सव्वा, पूर्ण. परत पावणे, साडे, सव्वा, पूर्ण."

आता पहिली फेरी पुन्हा वाचा: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. पाऊण म्हणजेच पावणेएक. आणि रांगेच्या नियमाने दुसऱ्या जागेवर काय यायला हवं? साडेएक. दीडच्या जागी साडेएक ठेवलं की अख्खी पाऊणकी एका नियमात बसते. तिला हे मी सांगितलं नाही. तिने स्वतः दीडवर बोट ठेवलं आणि आईकडे बघितलं. वहिनीने पोळी लाटता लाटता मान डोलवली.

मग आम्ही बेडकाला सव्वाची उडी दिली. सव्वा, अडीच, पावणेचार, पाच. सव्वासहा, साडेसात, पावणेनऊ, दहा. क्रम उलटा झाला: सव्वा, साडे, पावणे, पूर्ण. असं का, ते टेपवर दिसतं. पाऊण उडीत बेडूक दर वेळी पुढच्या अख्ख्या खुणेला पाव इंच कमी पडतो, ती तूट साठत जाते: पाव, अर्धा, पाऊण, आणि चौथ्या उडीला पूर्ण एक. सव्वा उडीत तेवढंच दर वेळी जास्त जातं. एकात पाव पाव उधारी, दुसऱ्यात पाव पाव शिल्लक, आणि चार उड्यांनी दोन्हीकडे हिशेब चुकता. बाबा सत्तर वर्षं हे पाढे म्हणत आले आहेत, पण ही उलटसुलट रांग त्यांच्याही लक्षात आली नव्हती. नुसतं कानाने पाठ केलेलं डोळ्यापुढे मांडलं नाही, तर असं होतं.

अपूर्णांकांइतकीच जागा मी संख्यांच्या रांगांना दिली, आणि त्यासाठी रांगोळीपेक्षा मोठा खजिना आपल्याकडे नाही. रांगोळीच्या पुस्तकात 'ठिपके ७ ते ४' असं लिहिलेलं असतं. मधल्या ओळीत सात, मग वर आणि खाली एकेक कमी करत चारपर्यंत, प्रत्येक ओळ आधीच्या दोन ठिपक्यांच्या फटीत. काढून झालं की षटकोन दिसतो. किती ठिपके झाले? ४ + ५ + ६ + ७ + ६ + ५ + ४, म्हणजे ३७.

आता लहान रांगोळ्या काढा. एकच ठिपका: १. तीन ते दोन: ७. पाच ते तीन: १९. सात ते चार: ३७. रांग झाली १, ७, १९, ३७. वाढ किती किती झाली? ६, १२, १८. म्हणजे सहाचा पाढा! का, तर प्रत्येक मोठी रांगोळी म्हणजे लहान रांगोळीभोवती ठिपक्यांचं एक नवं कडं, आणि प्रत्येक कडं आधीच्या कड्यापेक्षा सहाने मोठं, कारण कोपरे सहा. मी प्रत्येक कड्याला वेगळा रंग दिला, एवढंच. पुढची रांगोळी, नऊ ते पाच, किती ठिपक्यांची? भाचीने न काढता सांगितलं: ३७ अधिक २४, ६१.

इथे थांबायचं नाही. हेच आकडे मिळवत चला. १. एक आणि सात ८. त्यात एकोणीस, २७. त्यात सदतीस, ६४. त्यात एकसष्ट, १२५. एक, आठ, सत्तावीस, चौसष्ट, सव्वाशे: हे एक ते पाच या संख्यांचे घन आहेत. सपाट अंगणातल्या रांगोळीतून घन कुठून निघाले?

याचं चित्र भाचीच्या हातातच होतं. रुबिकचा क्यूब घ्या आणि एक कोपरा डोळ्यांसमोर येईल असा धरा. तीन बाजू दिसतात, प्रत्येकीवर नऊ रंगीत चौकोन, एकूण २७. पण ठोकळे किती दिसतात? समोरच्या कोपऱ्याचा ठोकळा तीनदा मोजला गेला, त्याला लागून असलेल्या तीन कडांवरचे सहा ठोकळे दोनदोनदा. जास्तीचे दोन आणि सहा, आठ वजा केले, उरले १९. पाच ते तीनची रांगोळी! बाहेरची कडही षटकोनी दिसते, डोळे किलकिले करून बघा. या १९ ठोकळ्यांचं कवच मनातल्या मनात काढून टाकलं तर मागे दोन बाय दोन बाय दोनचा घन उरतो, आठ ठोकळ्यांचा. त्याचं कवच ७, आत १. म्हणजे प्रत्येक रांगोळी हे घनाचं एकेक साल आहे, आणि सगळी सालं एकावर एक चढवली की घन तयार. हे पान काढायला मला चार रात्री लागल्या आणि एक अख्खी निळ्या रंगाची ट्यूब.

नवसंवत्सराला, म्हणजे गुढीपाडव्याला, दारात आम्ही पंधरा ते आठ काढली. भाचीने आधीच हिशेब करून ठेवला होता, १६९ ठिपके. "तेराचा वर्गही आहे," ती शेजारच्या काकूंना सांगत होती. काकूंनी रांगोळी छान आली आहे म्हटलं.

तबल्याचं एक पान आहे, ते थोडक्यात. आमच्या मागच्या गल्लीत तबल्याचा क्लास चालतो, त्यामुळे तीनतालाच्या सोळा मात्रा फुकट कानावर पडतात. सोळा चौकोन आणि पुढच्या समेचा, म्हणजे नव्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा, सतरावा, अशी पट्टी काढली. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. पाच मात्रांचा तुकडा, एक रिकामी, पुन्हा पाच, एक रिकामी, पुन्हा पाच: सतरा, शेवटचा घाव बरोबर समेवर. दुसऱ्या कुठल्या जोडीने सतरा होतील? तीन तुकडे आणि दोन फटी. भाचीला तीनचा तुकडा आणि चारची फट सापडली. एक आणि सात ही जोडी वाजवायला कंटाळवाणी आहे असं तिचं मत पडलं.

शेवटून तिसरं पान भुंग्यांचं. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त एक गणित आहे: भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोन संख्यांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुटजाकडे, आणि एक भुंगा केतकी आणि मालती या दोन्हींच्या वासाने भुलून मधेच घिरट्या घालत राहिला. भुंगे किती? मोठी माणसं लगेच क्ष धरतात. भाचीने क्ष अजून पाहिलेला नाही. थव्याचे पाच सारखे वाटे होतात आणि तीनही होतात, म्हणून तिने पंधरापासून सुरुवात केली. तीन कदंबावर, पाच शिलींध्रावर, फरक दोन, त्याचे तिप्पट सहा, आणि तो एक भुललेला. तीन, पाच, सहा, एक: पंधरा. पहिल्याच घासाला जमलं. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीचं हे गणित शब्दांत लिहिलेलं चित्रपुस्तकच आहे. मला त्यात फक्त भुंगे काढायचे होते. पंधरा भुंगे काढले, चौदा कामसू, एक बावळट.

पुस्तक जवळपास झाल्यावर बाबांना आणि भाचीला घेऊन मी किल्ल्यावर गेले. ग्वाल्हेर दरवाज्याकडून चढताना वाटेत खडकात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या शिलालेखावर विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६ आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि रोज ५० हार, असा त्यात मजकूर आहे. दोनशे सत्तर आणि पन्नासातली शून्यं आज आपण काढतो तशीच गोल आहेत, इतर अक्षरांपेक्षा जरा लहान. जगभरातून लोक ते वाटोळं बघायला येतात. आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी राहून पहिल्यांदाच पाहत होतो.

भाचीला शून्यापेक्षा हातात जास्त रस होता. हात म्हणजे किती? बाबांनी कोपर ते मधल्या बोटाचं टोक दाखवलं आणि म्हणाले, माणसाचा देह औट हात. तिने तिथेच भिंतीला टेकून स्वतःला स्वतःच्या हाताने मोजून घेतलं. साडेतीन, दोन बोटं इकडेतिकडे.

शेवटचं पान मी कोरं ठेवलं होतं, तिचं तिने काढावं म्हणून. घरी आल्यावर तिने एक रिकामं ताट काढलं, त्याच्या शेजारी अर्धी पोळी, आणि खाली लिहिलं: साडेशून्य.

त्यानंतर आठवडाभर जेवताना हेच. साडेशून्य पोळी वाढ. सव्वाशून्य भात पुरे. बाबांनी हसणं केव्हाच सोडलं होतं. ते न बोलता पोळीचा बरोबर चौथा भाग तोडून तिच्या ताटात ठेवायचे. परवा तिने तो तुकडा उचलला, तोंडापाशी नेला आणि थांबली.

"आजोबा, मग पावणेशून्य किती?"

बाबा हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघायला लागले.